अर्धी वाढव

इंदोरा, नागपूर
रविवार, दुपार

प्रिय दादा,

तू सुमंतकाकांच्या हाती आईला पाठवलेल्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या या पाकिटात परत पाठवते आहे. त्या मला आईच्या उशीच्या अभ्र्यात सापडल्या. एका पट्टीतल्या सहा गोळ्या कमी आहेत. त्या सहा आईच्या पोटात गेल्या, आणि त्याच आठवड्यात मी डॉक्टरीणबाईंसमोर बसून सांगत होते की गोळी कमी करायचं आमचं काम ठरल्याप्रमाणे चाललं आहे. मला खोटं पाडायचंच होतं तर घरी येऊन पाडायचं होतंस. फोन केला तर तू उचलत नाहीस, उचललास तर गिऱ्हाईक उभं आहे म्हणून ठेवतोस. म्हणून लिहिते आहे. हे तरी तुला मध्येच ठेवून देता येणार नाही. दिलंस तर मिनलवहिनी वाचून दाखवेल, तसं मी तिला सांगितलं आहे.

तू हल्ली सगळीकडे सांगतोस की दीक्षानं आईची घडी विसकटली. तेव्हा ही घडी कशी बसली होती ते एकदा नीट आठव. पाच वर्षांपूर्वी आईनं अंथरुणाला पाठ टेकली की तिचे पाय तिला पडू देत नसत. दुखत नव्हतं, बधिरही नव्हतं. हाडाच्या आत कोणीतरी चालतं आहे आणि आपण उठून चाललो की ते थांबतं, असं ती सांगायची. शेजारणींनी तेल सांगितलं, पिंढऱ्यांना ओढणी आवळून बांधायला सांगितली, एकीनं तर उंबऱ्याशी लिंबू ठेवायला सांगितलं आणि आईनं तिला हाकललं. सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी मात्र ऐकताक्षणी ओळखलं. पायांना स्वस्थ बसू न देणारा हा आजारच असतो म्हणाले, आणि ती छोटी पांढरी गोळी लिहून दिली. झोपायच्या आधी एक, आणि तीन महिन्यांनी दाखवा. पहिल्याच आठवड्यात आई सकाळपर्यंत सलग झोपली. आणि आपण त्यांच्याकडे पुन्हा कधी गेलो नाही. तिथे चिठ्ठी काढण्यात दिवस जातो, आणि आपल्या घरी तर तू होतास. वाडीच्या मेडिकलमध्ये चौदाव्या वर्षापासून काउंटरवर उभा असलेला, ट्रकवाले ज्याला डॉक्टरसाहेब म्हणतात तो. लायनीत काहून लागता, मी आहो ना, असं तू म्हणालास आणि विषय संपला.

मग गोळी कमी पडायला लागली. तू म्हणालास, अर्धी वाढव. वाढवली. आठ-नऊ महिने छान गेले. पुन्हा कमी पडली, पुन्हा अर्धी. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, कुलूप लावल्यावर कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येणारी मी. आईचे पाय रोज किती वाजता सुरू झाले ते मी एका वहीत लिहीत होते. पहिल्या वर्षी रात्री दहा. दुसऱ्या वर्षी साडेआठ. मग साडेसहा. मग चार. गेल्या उन्हाळ्यात ती दुपारी दीडला जेवण अर्धवट टाकून उठायला लागली आणि हातांतही तेच सुरू झालं. पोळी लाटताना लाटणं सोडून द्यायची आणि दंड चोळत उभी राहायची. मी तुला फोनवर या वेळा वाचून दाखवल्या होत्या, दोनदा. तू म्हणालास की वय झालं, आजार वाढून राहिला, अर्धी वाढव. झोप यावी म्हणून वर सर्दीची गोळीही पाठवलीस. त्या गोळीनं तर आई जास्तच तडफडायची आणि आपण ते आजारावर ढकलायचो.

या सगळ्यात तिचं काय गेलं ते तू पाहिलं नाहीस, कारण विहारात तू वर्षातून एकदा येतोस, तेही फोटो काढून निघतोस. आई शाळेत गेली नाही. माझ्या पहिलीच्या पुस्तकावर माझ्याबरोबर ती अक्षरं शिकली. त्या बाईला वर्षावासात ग्रंथ वाचायला बसवतात याचा अर्थ तुला मी सांगायला नको. पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी साडेसहाला, पांढरी साडी नेसून, मांडी घालून. गेल्या वर्षी ती एक पान वाचून उठायची, भिंतीपर्यंत जायची, परत येऊन बसायची. लोक सांभाळून घेत होते. मग एका संध्याकाळी वाक्य अर्ध्यात सोडून ती बाहेर गेली ती परत आलीच नाही. मी मागे गेले, तर ती चपला न घालता गल्लीत येरझारा घालत होती. शेजारी बसलेल्या कुसुमताईंनी ग्रंथ आपल्याकडे ओढून घेतला आणि पुढचं वाचलं. दुसऱ्या दिवशी नळावर त्या म्हणाल्या की ज्याचं मन ठिकाणावर नसते त्याचे पाय कुठून राहतील. आई अर्धी भरलेली बादली उचलून घरी आली. त्यानंतर ती विहारात गेलीच नाही. या आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल तोवर तिला पुन्हा त्या जागी बसवायचं, एवढंच माझं मागणं होतं. अजूनही तेवढंच आहे.

म्हणून तुला न विचारता मी तिला धंतोलीला एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेलं. हो, न विचारता. डॉक्टरीणबाईंनी वही घेतली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वेळा वाचल्या. मग म्हणाल्या की आजार एवढा वाढलेला नाही, औषधानं वाढवला आहे. ही गोळी काही जणांत सुरुवातीला चांगली लागते, मग तीच त्रास लवकरच्या वेळेला आणते, हातांत नेते, आणि जेवढी वाढवाल तेवढी उलटते. दर वेळी वाढवलेली अर्धी गोळी आगीत ओतलेलं तेल होती. त्यांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ठीक होतं म्हणून आजवर कोणी पुढे पाहिलं नव्हतं, पण शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला. तो सलाईनमधून भरला. सर्दीची गोळी बंद, दुपारनंतरचा चहा बंद, दुसऱ्या जातीचं औषध हळूहळू सुरू, आणि पांढरी गोळी पाव-पाव करून खाली आणायची. एकदम सोडायची नाही. पहिले काही आठवडे फार वाईट जातील, घरातल्या सगळ्यांनी मिळून निभवावं लागेल, असं त्यांनी बजावून सांगितलं.

घरातल्या सगळ्यांनी. मी त्याच संध्याकाळी तुला बोलावलं आणि हे सगळं सांगितलं. तू चहाचा कप खाली ठेवलास आणि आईसमोर म्हणालास, "चार बुकं शिकली तं डॉक्टरीण झाली काय वं? आन् ते बुकं कोनी शाळा सोडली म्हणून शिकली, इचार सोतःले." दादा, हे तू मला कधी ना कधी म्हणणार हे मी वीस वर्षं धरून चालले होते. तरी इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. बाबा गेले तेव्हा तू आठवीत होतास आणि मी पहिलीत. तुझं दप्तर मला मिळालं. घरात पहिल्यांदा कोणी पदवी घेतली तेव्हा तू वाडीत पेढे वाटलेस. हे मी विसरले असं तुला कोणत्या दिवशी वाटलं? पण म्हणून आईला चुकीची गोळी देत राहायची का? उपकार तुझा माझ्यावर होता, त्याची किंमत तिच्या पायांनी का मोजायची?

तू गेलास आणि आम्ही दोघीच राहिलो. दुसऱ्यांदा पाव गोळी कमी केली तेव्हा आई मला शिव्या द्यायला लागली. मी ऑफिसातून रजा घेतली, तिच्याबरोबर अंगणात चालले, गरम पाण्याच्या बादलीत तिचे पाय धरून बसले. एका दुपारी ती माझे हात झटकून म्हणाली की तू माह्या पोटची नाहीस, पोटचा तो आहे, त्याले माही दया येते. आता कळतं, त्या वेळी तुझी दया उशीच्या अभ्र्यात होती. तिच्या तगमगीनं तुझं काळीज हललं असेल, मी नाही म्हणत नाही. पण ते हललेलं काळीज घेऊन तू इथे आला नाहीस. सुमंतकाकांच्या पिशवीतून पट्ट्या धाडल्यास आणि मोकळा झालास. तिला वाटलं, दया आहे ती लेकाला, छळते ती लेक. आणि मला वाटलं उतार पडतो आहे, बाईंचं औषध लागू पडतं आहे. सगळं पुन्हा पहिल्या पावापासून सुरू करायचं आहे.

आता माझं. मी तुझ्यावर एवढं लिहिलं आहे तेव्हा हेही लिहायला हवं, नाहीतर मला हे पत्र पेटीत टाकवणार नाही. दोन वर्षांपूर्वी त्या गोळीच्या डब्यातला घडी घातलेला कागद मी उघडून वाचला होता. इंग्रजी होता, बारीक अक्षरांत. त्यात लिहिलं होतं की या औषधानं त्रास लवकरच्या वेळी सुरू होऊ शकतो, तसं झालं तर डॉक्टरांना सांगा. मी ती ओळ तीन वेळा वाचली. माझ्या वहीतल्या वेळा माझ्यासमोर होत्या. आणि मी कागद घडी करून परत ठेवला, कारण तुला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की ज्यानं शाळा सोडली त्याला कळलं नाही आणि जिला शिकवलं तिला कळलं? मला ते तोंडावर आणता आलं नाही. त्यानंतर आणखी तीन वेळा तू अर्धी वाढव म्हणालास आणि तिन्ही वेळा मी वाढवली. तुझी चूक न कळून झाली. माझी कळून झाली. तू मला हे कधीही, कोणासमोरही ऐकवलंस तरी मी मान खाली घालून ऐकेन.

परवा पट्ट्या सापडल्या तेव्हा मी भांडायलाच निघाले होते. बसनं वाडीला उतरले, रस्त्याच्या पलीकडे गोदामासमोर ट्रक उभे होते, त्यांच्या आडून तुझं दुकान दिसत होतं. काय काय बोलायचं ते मनात जुळवत उभी राहिले. दुपारचा एक वाजला होता. गिऱ्हाईक नव्हतं, मागे स्टूल रिकामं होतं आणि तू उभा होतास. डाव्या पायाची टाच उजव्या नडगीवर घासत होतास. मग तीन पावलं फ्रीजपर्यंत गेलास, तीन पावलं परत आलास, पुन्हा टाच. मग दंड चोळलास. मी वीस मिनिटं पाहिलं. तू एकदाही बसला नाहीस. शेवटी खिशातून काहीतरी काढून तोंडात टाकलंस, पाणीसुद्धा घेतलं नाहीस. मी रस्ता ओलांडलाच नाही. घरी येऊन वहिनीला फोन केला. ती रडली, आणि तूही त्याच पांढऱ्या गोळ्या खातोस म्हणाली. दादा, दिवसाला चार? अर्धी वाढवली की काही महिने बरं जातं हे तू आईला इतक्या खात्रीनं कसं सांगायचास, ते मला आता कळलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरात आणखी कोणाला आहे का, हा आजार बरेचदा रक्तात असतो. मी नाही म्हणाले होते. ते आता मला दुरुस्त करायचं आहे. येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला तुझ्या नावानं नंबर लावला आहे. आईचाही त्याच वेळी आहे. गोळी एकदम सोडू नकोस, आणि वाढवूही नकोस. किती वाजता सुरू होतं ते चार दिवस लिहून आण. खरं लिही.

अजून चिडलेलीच, आणि तुझीच,
दीक्षा