बाबांनी न केलेलं हॉट चॉकलेट

ताई,

बाबांनी तुझ्यासाठी हॉट चॉकलेट केलंय. छे, बाबांनी काहीही केलेलं नाही. तसंच सांग म्हणून मला बजावलंय. मघाशी मिक्सर फिरला तेव्हा बाबा त्यात भाजलेल्या बदामांची पूड करत नव्हते. त्याआधी एकेक साल सोलत बसले नव्हते. "तिच्या घशाला साल लागतं रे," असं तर मुळीच म्हणाले नाहीत.

पातेलं गॅसवर आहे. मंद आचेवर गरम कर आणि ढवळत राहा, नाहीतर बदाम तळाला बसतो. कप दोन काढलेत, दुसरा माझा नाही. बाबा गॅलरीत पुसलेली सायकल पुन्हा पुसतायत.

मी क्लासला पळतो. तुझ्या दूरच्या नोकरीवरून तुम्ही दोघांनी धरलेला अबोला आज सुटला, तर निरोप्याचं माझं पद रद्द होईल. तरी निवृत्तिवेतन म्हणून मला रोज एक कप तहहयात मंजूर करावा, ही नम्र विनंती.