हॅदरली बेच्या तोंडावरचा खडक

मी, देवदत्त केशव त्रिलोकेकर, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार गिरगाव, मुंबई, पूर्वीचा धंदा जहाजांचे सागरी नकाशे दुरुस्त करणे, हे आज आपखुशीने लिहून ठेवत आहे. कुणाचा दबाव नाही; दबाव आणायला घरात कुणी उरलेलेच नाही. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. अजित नवलकर यांनी दिला आहे. ठिकाणावर नसते तर सुटलो असतो.

एक. राहती खोली व बँकेत असेल ते सर्व माझी एकुलती मुलगी देविका ब्रेंडन बॅप्टिस्टा हिला. माझे थोरले बंधू अण्णा यांचा त्यावर काडीचाही हक्क नाही. ‘किरिस्तावाला मुलगी दिलीस, संबंध संपला,’ म्हणून ते तिच्या लग्नाला आले नाहीत. जावई गेल्यावर मात्र आले, आणि ‘मी म्हटलं नव्हतं?’ म्हणाले. त्यांना माझ्या दहाव्याला बोलावू नये. आलेच तर चहा विचारू नये.

दोन. भिंग, समांतर पट्टी, टोचणी, जांभळ्या शाईच्या दौती भंगारात द्याव्यात. आता जहाजावर सगळे पडद्यावर दिसते. बॅलार्ड पिअरच्या दुकानात एकेचाळीस वर्षे मी एकच काम केले. दर आठवड्याला सूचनापत्र यायचे: अमुक दिवा बंद, तमुक जागी बुडालेले जहाज. ते नकाशावर जांभळ्या शाईने उतरवायचे आणि खालच्या कोपऱ्यात सूचनेचा क्रमांक टाकायचा. तो क्रमांक दिसला की बोटीवरचा माणूस निर्धास्त होतो.

तीन. हॅदरली बेवरची माझी वही देविकाला. उत्तर ध्रुवाकडचा हा उपसागर. मी स्वतः अलिबागच्या पुढे गेलो नाही, पण गेली पंधरा वर्षे झोपेतही तिथेच असतो. तोंड ईशान्येला, जेमतेम सहा मैल रुंद. बर्फ ऑगस्टच्या मध्याला सुटते, सप्टेंबर संपायच्या आत परत धरते. देवमासे मारणारा एक कप्तान १८२३ साली आत शिरला. पॅसिफिकला जायची पश्चिमेची वाट सापडली म्हणून त्याने खलाशांना रम वाटली, आणि सतरा दिवसांनी समोर चिखलाचा किनारा आला. परतताना त्याला धुक्यात एक खडक दिसला. पुढच्या दोन मोहिमांना तो सापडलाच नाही, म्हणून नकाशावर त्याच्याशेजारी ‘अस्तित्व शंकास्पद’ असे छापले गेले. दीडशेहून जास्त वर्षे तो बिचारा शंकास्पद राहिला. मग मोजणीचे जहाज गेले. खडक खराच होता, फक्त चार मैल दक्षिणेला, ऐन वाटेत.

चार. वहीत एक अर्धपारदर्शक कागद ठेवला आहे. देविका, हा नीट उजेडात धरून बघ.

२००९च्या जूनमध्ये त्या खडकाची सूचना आली. जुन्या जागी काट मारायची, आणि सूचनेसोबत आलेला हा कागद नकाशावर ठेवून, टोचणीने भोक पाडून, नव्या जागी खडक काढायचा. त्या भागाचा नकाशा आमच्याकडे एकच होता, आणि तो तुझ्या नवऱ्याच्याच बोटीसाठी होता. ती तिथे खनिज आणायला निघाली होती. मी काट मारली. लेखणी हातात होतीच, म्हणून क्रमांकही टाकून दिला. माझी ती खोडच होती, आधी क्रमांक मग टोचणी. तेवढ्यात ब्रेंडन आला. ‘पप्पा, चला, चहा मारू.’ आम्ही खाली गेलो. त्याने तुझ्या डोहाळ्यांचे सांगितले, मी वेड्यासारखा हसत होतो. वर येऊन कोपऱ्यातला क्रमांक बघितला, नकाशा गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. ‘बघून घे रे एकदा,’ मी म्हटले. ‘तुम्ही केलंय ना? मग मी कशाला बघू?’

ह्या कागदाला भोक नाही.

बोट त्याच खडकावर फुटली. ब्रेंडन आणि दोन खलाशी गेले, नकाशाही गेला. चौकशीवाल्यांनी मला विचारले, ‘खडक दाखवला होता?’ मी म्हणालो, ‘होता.’ एवढेच. त्यावर त्यांनी लिहिले की सेकंड ऑफिसर ब्रेंडन बॅप्टिस्टा याने नकाशा न बघता बोट हाकली. हा कागद मला त्यानंतर खणात मिळाला असे लिहिणार होतो. खोटे आहे. चौकशीच्या आदल्या दिवशीच मिळाला होता.

तू त्याचा फोटो भिंतीवरून काढलास. ‘दोन घरं बुडवली त्यानं, आपलं तिसरं,’ असे स्वतःच्या पोटच्या पोरीला सांगितलेस. मी तिथेच बसलो होतो, तू वाढलेले जेवत होतो. रोज ठरवायचो, आज सांगतो. तू डबा घेऊन यायचीस आणि मी तो उघडून जेवायला लागायचो. जिवंतपणी सांगायची माझ्यात धमक नाही, आता येणारही नाही. माफी मागत नाही. तो निर्दोष होता. फोटो परत लाव.

पाच. माझा अंत्यविधी कुणीही करावा. देविकाने केलाच पाहिजे असे नाही.

साक्षीदार:
१. डॉ. अजित नवलकर (सही)
२. जर्ट्रूड बॅप्टिस्टा (सही)

सह्यांनंतर स्वहस्ते लिहिले: दुसऱ्या साक्षीदार ब्रेंडनच्या आई. माझ्याकडे येणारे दुसरे कोण आहे? मजकूर साक्षीदाराने वाचलाच पाहिजे असा कायदा नाही. पेन हातात घेऊन त्यांनी विचारले, ‘काय लिवलंय?’ मी म्हणालो, ‘खोली देविकाला.’ ‘बरं केलं,’ त्या म्हणाल्या, ‘माज्या पोरानं तिच्या वाट्याला नुसती लाज ठेवली.’ आणि सही केली. मी शाई वाळेपर्यंत कागद धरून उभा राहिलो.

गिरगाव, मुंबई
दि. ९ फेब्रुवारी २०२४
(सही) दे. के. त्रिलोकेकर