तुझ्या हातची गोडी

५ जानेवारी
काष्टी गाव सोडलं, कॉलेजही सोडलं. केमिस्ट्रीच्या सरांशी भांडून निघालो तो थेट भिंगारात, रंगनाथमामांच्या सलूनमध्ये. झकास जागा! तीन खुर्च्या, भिंतभर आरसे, आणि पडद्यापलीकडे मामांच्या मुलीचं, आरतीचं, ब्यूटी पार्लर. डिग्री गेली खड्ड्यात.

१२ जानेवारी
मला कलरचं काम मिळालंय. लष्करातून रिटायर झालेले काका लोक रोज येतात. पाण्यासारखं औषध थोडं थोडं केसांना चोळायचं. पांढरे केस हळूहळू काळे होतात, घरच्यांनाही पत्ता लागत नाही. औषध पुरवणारा सूर्यभान म्हणाला, हातमोजे घाल, हात धुतल्याबिगर काही खाऊ नको, यात शिसं हाय. मी भडकलो. म्हटलं, कॅन ठेव अन् फूट, मला केमिस्ट्री शिकवू नको. पडद्याआडून आरती खुदकन हसली. आता हातमोजे घालतोय कशाला!

२ फेब्रुवारी
मामांची तंबाखू मीच मळतो. म्हणतात, पोरा, तुझ्या हातची लई गोड लागती, जावईच करून घ्यावा तुला. दुपारी आरतीसाठी भाजक्या शेंगा सोलतो, दाणे तळहातावर चोळून, फोलपटं फुंकून देतो. तीही म्हणाली, घरच्या शेंगांना अशी गोडी न्हाई. दिवसभर मी हवेत!

२६ फेब्रुवारी
मामांच्या पोटात कळा येतात. चेहरा मातकट झालाय. मामी म्हणतात, नजर लागली; मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. आज गिऱ्हाइकाच्या गळ्याशी असताना मामांच्या हातून वस्तरा निसटला. मनगट उचलतच नव्हतं.

९ मार्च
डॉक्टरांनी मामांचा ओठ वर केला. हिरडीच्या कडेनं निळी रेघ. विचारलं, शिसं कुठे हाताळता? मामा म्हणाले, कलरला मी हात लावत न्हाई, सगळं पोरगंच करतं. डॉक्टर माझ्याकडे वळले. मी दोन्ही हात खिशात घातले.

१० मार्च
हात धुतोय. पुन्हा धुतोय. कॅनमधला थेंब जिभेला लावून पाहिला —
गोड.
सूर्यभान सांगत होता. मीच त्याला —

११ मार्च
आरती जेवत नाही. पोट दुखतंय म्हणे. पित्त असेल. पित्तच असू दे —

१२ मार्च
आज सांगतो. मग माझं तोंड नाही पाहिलं तिनं तरी चालेल. दवाखान्यात तरी —
पडदा हलला. आलीच. हात पुढे केलाय. शेंगा मागतेय, रोजच्यासारख्या — हसतेय — समोर आरसा — तिच्या दातांच्या वर —