मनगटावरचं यंत्र

उइटहॉर्न, नेदरलँड्स, १७ नोव्हेंबर २००५, संध्याकाळ

फिजिओथेरपिस्टने दिलेलं विजेचं छोटं यंत्र आज पहिल्यांदा घरी लावलं. मनगटावर दोन चिकटपट्ट्या, बटण फिरवलं की नुसत्या मुंग्या. थोड्या वेळाने आमवाताचा ठणका इतका उतरला, की चहाचं भांडं मी एका हाताने उचललं. आनंदाने नवऱ्याला सांगितलं. चुकलंच का?

सतीशने लगेच ऑफिसातल्या मित्राला फोन लावला. "शनिवारी सगळे जेवायला या. हिचा हात बरा झालाय. पुरणपोळ्या करेल."

मी म्हटलं, "दुखणं तेवढ्यापुरतं थांबतं. सांधे सुजलेलेच आहेत."

"एकच झालं ना?"

एकच? मी पट्ट्या त्याच्या मनगटावर चिकटवल्या आणि मला लागतो तेवढाच करंट सोडला. त्याच मुंग्या, पण त्याने हात झटकला. "काढ हे. चावतंय."

"मला यानेच बरं वाटतं."

तो बराच वेळ मनगट चोळत बसला. मला वाटलं, आता मित्राला फोन करून नको म्हणेल. फोन त्याने केलाच. म्हणाला, "मुलांनाही घेऊन या."