आप्पा पूजेतून उठले

अहो,

मी शिवांजलीच्या डोहाळजेवणाला सिरसाळ्याला निघालेय, उद्या येते. जेवण झाकून ठेवलंय. संध्याकाळी समुद्री माशांची टाकी न्यायला डॉक्टरांचा माणूस येईल. त्याला चहा पाजा आणि रिकाम्या हातानं परत पाठवा. आप्पांना घरात मासे चालत न्हाईत म्हणून तुमी टाकी देऊन टाकताय, पण सकाळी काय झालं ते आधी वाचा.

मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि लाईट गेली. टाकीचा पंप बंद पडला, आता मासे गुदमरणार म्हणून धावत खाली आले, तर टाकीपाशी आप्पा उभे! पूजेला बसले की घर पेटलं तरी न उठणारा माणूस. डाव्या तळहातावर इष्टलिंग तसंच, आणि उजव्या हातानं टाकीतलंच पाणी मगानं उचलून वरून सोडत होते, अगदी लाईट गेली की तुमी सोडता तसं. म्हणजे रोज चोरून बघत होते की! लाईट येईपर्यंत हात थांबला न्हाई.

टाकीतलं पाणी आटलं होतं, मी खुणेपर्यंत गोडं पाणी घातलंय. मीठ न्हाई घातलं, ते वाफेबरोबर जात न्हाई, लक्षात हाय माझ्या.

टाकी आल्यापासून आप्पा तुमच्याशी एक शब्द बोलले न्हाईत ना? आज निरोप दिलाय. जसाच्या तसा लिहिते:

“त्याला म्हणावं, तो पाण्याचा मग लई लहान हाय. दुकानातनं मोठा आण.”

प्रणिता