टेकाड कापायची इजाजत

॥ श्री ॥
पळसखेड, जि. आदिलाबाद
२२ ऑगस्ट १९५६

ती. सौ. कुमुदअक्कास,
धाकट्या शरदचंद्राचा शि. सा. न. वि. वि.

माझं आयुष्य ज्या क्षणी फिरलं तो क्षण आधी सांगतो, क्षेमकुशल मागून. परवा दुपारी बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचेरीत पेशकार यशवंतरावांनी चष्मा कपाळावर सारला आणि मला विचारलं की टेकाड कापायची इजाजत काढली का. मी हसलो. वाटलं, होणारे सासरे थट्टा करून राह्यले. ते थट्टा करत नव्हते.

तुला अर्धंच ठाऊक आहे, म्हणून सगळं लिहितो. गेल्या महिन्यात बाबा त्यांच्याकडे त्यांच्या सुभद्रेसाठी शब्द टाकायला गेले होते. यशवंतरावांनी नाही म्हटलं नाही. पोराने कॉलेज अर्धवट सोडलं, नोकरी नाही, राहणं भाड्याच्या दोन खोल्यांत, हे सगळं त्यांनी बाबांना पानसुपारी देता देता ऐकवलं. पण माणिकराव नाजरांचं, म्हणजे आपल्या बाबांचं, घर माहितीतलं आहे आणि पोरीच्या मनातही तेच दिसतं, असं म्हणून एकच अट घातली. गावाबाहेर आपला जो प्लॉट आहे त्यावर घराचं जोतं उभं राहिलेलं त्यांना दिसलं पाहिजे, आणि तेही एक नोव्हेंबरच्या आत. त्या दिवशी आपण आंध्रात जाणार. त्यांनी मुंबई राज्य मागून घेतलंय आणि त्यांची बदली किनवटला ठरलीय. एकदा सरहद्द ओलांडली की मागे वळून जावई शोधायचा नाही, असं त्यांचं म्हणणं.

प्लॉट तू पाहिलेला आहेस. सडकेच्या बाजूला मुरमाचं टेकाड आणि मागे खोलगट, जिथे पाणी साचतं. टेकाड कापून खोलगटात भरलं की जमीन सपाट. मी धोंडीबा वडाराला सांगूनही ठेवलं होतं. आता कळतंय की बलदियाच्या हद्दीत त्यालाही इजाजत लागते आणि तो टेबल नेमका यशवंतरावांचा! दरखास्तीबरोबर नकाशा पाहिजे, उंच कुठं नि खोल कुठं ते वेगळ्या रंगात. पाणी आज कुठून जातं आणि उद्या कुठून जाईल ते दाखवायचं. घातलेली भर वाहून सडकेची नाली तुंबणार नाही अशी हमी द्यायची. शिवाय शेजाऱ्यांची लेखी रजामंदी. मग मुआयना, म्हणजे जागेची पाहणी, मग साहेबांची सही. तोवर एक टोपलीसुद्धा हलवायची नाही.

अक्का, माझं डोकं फिरलं. मी तिथेच सर्वांदेखत म्हणालो की एक टेकाड कापायला शेजाऱ्यांची रजामंदी लागते, आणि अख्खा जिल्हा कापून किनवट, राजुरा पलीकडे दिला तेव्हा कुणाची रजामंदी घेतली होती? कारकून खाली मान घालून हसले. यशवंतरावांनी चष्मा परत नाकावर घेतला आणि सांगितलं की तो टेबल दिल्लीचा, हा माझा. पेशकाराने जावयासाठी कायदा वाकवला असं कुणी म्हणता कामा नये म्हणे. मला जावई म्हणाले, एवढंच गोड.

भाऊजींना नमस्कार. तुझी माया आटू देऊ नकोस. सध्या तेवढी एकच गोष्ट मला दरखास्तीवाचून मिळते.

तुझा,
शरद


॥ श्री ॥
नांदेड
१ सप्टेंबर १९५६

चि. शरदचंद्र यास,
कुमुदिनीचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. इकडे सर्व क्षेम आहे, तिकडचे तू लिहिलेच नाहीस. बाबांचा खोकला कसा आहे?

हैदराबादचं पाणी मानवत नाही म्हणून तू कॉलेज सोडलंस, असं बाबांना सांगितलं होतंस. तुला मानवणारं पाणी पेशकारांच्या आडावर भरलं जातं, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण आता त्या आडावर जायचं तर कचेरीत आरडाओरडा करून कसं चालेल? त्यांच्याच टेबलाशी उभा राहून त्यांनाच दिल्लीचं ऐकवतोस! सुभद्रेची मला कीव येते.

शेजाऱ्यांचं म्हणशील तर मुख्य आहे ती बयनाबाई. खालच्या अंगाला तिची ज्वारी आहे. तिच्याकडे कायदा घेऊन जाऊ नकोस, बाबांना घेऊन जा. नारळ दे आणि तिचं वावर तिच्याच तोंडून समजून घे. पाणी कुठून येतं ते तिला तुमच्या नकाशापेक्षा चांगलं ठाऊक असणार, आणि नसलं तरी तसं तिला वाटू दे.

दसऱ्याची मुहूर्ताची कुदळ मात्र चुकवू नका. आजोबांपासून चालत आलेलं आहे. घरातल्या वडील माणसाने पाच घाव घालायचे, ती माती पानावर घेऊन तिला हळदकुंकू वाहायचं. त्याला कचेरीचा कागद कशाला लागतो? ती पूजा आहे, खोदकाम नव्हे.

हे सांगतात की इथल्या कचेरीत दप्तराचे गठ्ठे बांधणं सुरू झालंय, कुठला कागद कुठल्या राज्यात ते कुणालाच उमगत नाही. बाबा निवृत्त होऊन वर्ष होत आलं, तरी त्यांचा पेन्शनीचा वजिफा अजून मंजूर झालेला नाही. त्यांचे कागद कुठे अडलेत याची हे ओळखीच्यांकडून चौकशी करतील.

राग गिळून राहा, जेवण मात्र गिळू नकोस, चावून खा. आठवणीत ठेव, म्हणजे झालं.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥
पळसखेड
१८ ऑक्टोबर १९५६

ती. सौ. अक्कास,
शरदचंद्राचा सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून तू मला बोलशील. बोल. पण आधी शेवटपर्यंत वाच.

सगळं सुरळीत चाललं होतं. नकाशा मंजूर झाला. बयनाबाईकडे बाबांना घेऊन गेलो. तिने नारळ ठेवून घेतला, चहा पाजला, आणि अंगठा उठवायच्या आधी मला बजावलं की तुमचं पाणी माह्या ज्वारीत आलं त मी येऊन तुमच्या जोत्यावरच बसून राहीन, मंग मले उठवाले तुमच्या बायकोलेच या लागीन. बाबा इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. मुआयना झाला. फक्त साहेबांची सही उरली होती आणि साहेब दसऱ्याच्या सुटीवर गेले होते.

दसऱ्याला बाबांनी कुदळ मारली. पाच घाव, नेमके. सुभद्रा आणि तिची आई आल्या होत्या. सुभद्रेने मला आपट्याचं पान दिलं आणि टेकाडाकडे पाहून हळूच सांगितलं की स्वैपाकघराची खिडकी सडकेकडे ठेवू नका, येणारे-जाणारे डोकावतात. अक्का, ती ‘ठेवू नका’ म्हणाली! जणू घर उभंच आहे आणि ती आत शिरून भांडी लावून राह्यली. माझ्या डोक्यात काय शिरलं ते मला सांगता येणार नाही.

बाबा घरी गेले. धोंडीबा माणसं घेऊन दसऱ्याचं सोनं द्यायला आला होता. त्याने विचारलं की मालक, कागद आला का. मी म्हटलं, आला.

संध्याकाळपर्यंत अर्धं टेकाड खोलगटात गेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. परतीचा पाऊस कसा असतो ते तुला ठाऊक आहे. सैल मुरूम गाळ होऊन वाहिला, सडकेची नाली तुंबली आणि उरलेला सगळा बयनाबाईच्या ज्वारीत गेला. कणसात दाणा भरत आला होता. ती आली, आणि बसायला जोतं नव्हतं म्हणून चिखलातच फतकल मारून बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती आडवी कणसं एकेक उचलून पदराने पुसून राह्यली.

पंचनामा यशवंतरावांनी स्वतःच्या हाताने लिहिला. मग मला बाजूला नेऊन सांगितलं की दरखास्तदारानेच इजाजतीआधी जमीन कापली असं ठरलं तर दरखास्त फेटाळली जाईल, मग एक तारखेनंतर नव्या कचेरीत पहिल्यापासून सुरुवात. पण मी असं लिहून दिलं की कुदळ माणिकरावांनी मारली, वडारांना त्यांनीच सांगितलं, जुन्या चालीप्रमाणे, मला न विचारता, तर इल्जाम बाबांवर जाईल आणि माझी दरखास्त शाबूत राहील. ते सही घेऊन देतील, जोत्याचे चार दगड दिसले तरी त्यांना पुरे. मी बाबांच्या वजिफ्याचं विचारलं. ते म्हणाले की ते दुसऱ्या टेबलाचं काम आहे.

बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. म्हणाले, घाव तर मीच घातले आहेत, लिहून टाक. मी गेले तीन दिवस लेखणी हातात घेऊन बसतो. अक्का, पाच घाव त्यांचे आहेत हे खोटं नाही ना? पुढचं सगळं माझं आहे, ते कोण मोजतंय?

उलट टपाली लिही. तुझा आशीर्वाद असू दे, मी लायक असेन तर.

शरद


॥ श्री ॥
नांदेड
२४ ऑक्टोबर १९५६

चि. शरद यास,
आशीर्वाद. आज क्षेमकुशल विचारत नाही.

ह्यांनी चौकशी केली. बाबांचे कागद आदिलाबादलाच आहेत, फक्त एका शिफारशीसाठी अडलेले. अशा वेळी निवृत्त माणसावर बलदियाचा इल्जाम गेला, तर तो कागद नव्या राज्यातल्या कुठल्या तरी कपाटात जाऊन पडेल आणि बाबा असेपर्यंत बाहेर येणार नाही. ह्यांनी असं स्पष्टच सांगितलं. मी तुझ्यापासून लपवत नाही. आणि वजिफा राहू दे बाजूला. बत्तीस वर्षं ज्याने सरकारी तिजोरीची किल्ली सांभाळली, त्याने म्हातारपणी चोरून टेकाड कापलं असं तू तुझ्या अक्षरात लिहिणार?

कुदळ मारा असं मीच लिहिलं होतं. त्याबद्दल हवं तर माझ्यावर राग काढ. पण बाबांच्या पाच घावांत तुझे घाव मिसळू नकोस. बाबा हो म्हणतील. तू काहीही मागितलंस तरी ते हो म्हणतात, म्हणून तर तुझं कॉलेज सुटलं.

सुभद्रा शहाणी मुलगी आहे. तिला खरं सांग. किनवट काही विलायतेत नाही. थांबायचं असेल तर ती थांबेल.

बयनाबाईच्या ज्वारीचं काय केलंस ते लिहिलं नाहीस. जपून राहा. रागावले तरी तुझीच आहे,
अक्का


॥ श्री ॥
पळसखेड
३ नोव्हेंबर १९५६

ती. सौ. अक्कास,
शरदचंद्राचा शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं केलं. टेकाड मी कापलं, धोंडीबाशी मी खोटं बोललो, बाबांचा संबंध नाही, असं सही करून दिलं. यशवंतरावांनी ते दोनदा वाचलं. रागावले नाहीत, समजावलं नाही. ‘नामंजूर’ असं उर्दूत लिहून खाली सही ठोकली आणि म्हणाले की ह्या टेबलावरून लिहिलेला हा माझा शेवटचा शेरा. आता नव्या कचेरीत जायचं. तिथे दरखास्त कुठल्या भाषेत घेतील ते अजून ठरलेलं नाही, तेलुगूत की इंग्रजीत. मला दोन्ही अर्धीच येतात.

बयनाबाईच्या वावरातला गाळ मी आणि धोंडीबाने मिळून काढला. तो माझ्याशी बोलत नाही, पण आला. अर्धी ज्वारी आडवी झालीय. ती म्हणते की कडबा तरी होईन.

बाबाही बोलत नाहीत. काल फराळाच्या ताटावर एकदाच बोलले, की वजिफा आज ना उद्या आला असता, तुझं घर पाहायची मला घाई होती. यावर काय म्हणायचं ते तू कळव.

भाऊजींना नमस्कार. भाऊबीजेची ओवाळणी यंदा उधार ठेव, आणि माझ्यावरचा लोभ कमी झाला असला तर तसं कळवू नकोस.

तुझा,
शरदचंद्र

ता. क. वर सही करून पत्र बंद करणार होतो. पण हे तुला सांगितलं नाही तर कुणालाच सांगणार नाही.

यशवंतराव मुंबई राज्यात जायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. अंगणात बैलगाड्या भरलेल्या होत्या, यशवंतराव दोर आवळून घेत होते. सुभद्रा माजघरात एकटीच पितळेची भांडी पोत्यात भरत होती. मी तिला खरं सांगितलं. मनात धरून होतो की ती रडेल, आणि रडता रडता म्हणेल की तुमी बरोबर केलं.

ती रडली नाही. तिने विचारलं की काऊन नाई लिहून दिलं, तुमचे बाबा तर तयार होते. मी वजिफ्याचं सांगितलं, तुझ्या पत्राचंही. ती म्हणाली की वजिफा उशिरा आला असता, नसता आला तर तुमी कमावला असता, हात आहेत ना. मग ती तांब्या हातात घेऊन उभी राहिली, आणि मला म्हणाली की कॉलेज सोडलं तेव्हा मला विचारलं नाई, टेकाड कापलं तेव्हा मला विचारलं नाई, तेव्हा लई घाई होती. माह्यासाठी एक ओळ लिहायची वेळ आली, तेव्हा मात्र सगळ्यांना विचारून राह्यले, अगदी नांदेडला पत्र टाकून.

मी म्हणालो की तो माझा बाप आहे. ती म्हणाली की मग मी कोण, तेही नांदेडला विचारून घ्या.

अक्का, मला राग आला. तिचं चुकलं असं मला आज वाटत नाही, पण त्या वेळी तिचं तोंड पाहवत नव्हतं. ती परत भांडी भरायला बसली. मी बाहेर पडलो आणि मागे दार ओढून घेतलं.