फ्रिजमधल्या फुप्फुसावर फॉर्मालिन ओतू नये म्हणून

प्रति,
मा. प्रमुख, जंतू तपासणी विभाग,
छातीच्या रोगांचं रुग्णालय, तळमजला

विषय : अर्जदाराच्या कापून काढलेल्या फुप्फुसातले जंतू मारण्याआधी त्यांची तपासणी करण्याबाबत.
संदर्भ : आपल्या मदतनीस बाईंचं "आजी, तुमची केस बंद झाली" हे बोलणं.

महोदय,

१. अर्जदार म्हातारी आपल्याच रुग्णालयात खिडकीजवळच्या खाटेवर आहे. स्वस्थ पडा म्हणतात, पण जीव थाऱ्यावर नाही. क्षयाने पोखरलेला फुप्फुसाचा तुकडा काढल्यावर सर्जनसाहेबांनी तो इथल्या रिवाजाप्रमाणे ट्रेमध्ये नातलगांना दाखवला. मुलगा आडवा झाला. सून चष्मा पुसून म्हणाली, "आतून पोकळ आहे की हो!"

२. तुकड्याचा अर्धा भाग फॉर्मालिनमध्ये गेला. उरलेला मिठाच्या पाण्यात, आपल्या फ्रिजमध्ये आहे. थुंकी स्वच्छ आली, म्हणून उद्या त्यावरही फॉर्मालिन ओतणार, "नीट टिकेल" म्हणून. महोदय, तुकडा टिकेल, पण जंतू मरतील. साक्षीदाराला मारून त्याचं मढं जपण्यात काय शहाणपण?

३. थुंकीचं काय घेऊन बसलात! सर्जनसाहेब सांगतात, पोकळीच्या जाड भिंतीआड औषध पुरतं पोचत नाही, जंतू आत जगतात आणि औषधाला सरावतात. अर्जदाराने वॉर्डात हेच सांगितलं, की जंतूंनी आत बिऱ्हाड थाटलंय, औषध दाराशी आलं की आतून ओरडतात, "घरी कोणी नाही!" तर केसपेपरवर शेरा पडला, 'रुग्ण भ्रमिष्ट'. अर्जदार थापाडी आहे, भ्रमिष्ट नाही. शेरा दुरुस्त व्हावा.

४. आता मुद्द्याचं. नात अर्जदाराच्या कुशीत गोष्टी ऐकत झोपायची. तिलाही तोच खोकला लागलाय. बेडका पडत नाही, तर तपासणार काय? नेहमीच्या गोळ्या चालू आहेत, ताप हटत नाही. कुठली गोळी फुकट जातेय, हे कळायला फ्रिजमधल्या तुकड्याशिवाय दुसरं काही नाही. जंतू वाढायलाच कित्येक आठवडे लागतात म्हणे, तेव्हा आजच सुरुवात व्हावी.

५. अर्जदाराने नातीला सांगून ठेवलंय, की मोठे साहेब त्या जंतूंना एकेका औषधापुढे उभं करणार आणि कोण कुणाला घाबरतं ते बघणार. अर्जदाराची आजवर एकही थाप खरी निघालेली नाही, त्याची खंतही नाही. एवढी एक खरी करावी.

आपली नम्र,
(सही वाकडी आहे, टाके ओढतात)
सदर तुकड्याची मूळ मालकीण

दिनांक : आजचाच धरावा, उद्या उशीर होईल.

सोबत :
१. सर्जनसाहेबांची चिठ्ठी.
२. नातीने काढलेलं जंतूचं चित्र. त्याला मिशा आहेत. खऱ्याला नसतील तर तसं कळवावं, ती वाट बघतेय.